कोपरा छाटलेले अंक

शनिवारी मगदूम अण्णांनी नेहमीसारखा पानांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला आणि मी दोरा सोडला. विड्याची पानं बाजूला काढली, चुन्याची डबी पुढे ओढली आणि सहज पुड्याच्या कागदाकडे नजर गेली. चकचकीत कागद. त्यावर बगळ्याचा फोटो, तोही उलटा, पाय वर.

हा बगळा मी विसरणं शक्यच नव्हतं. आमच्या मासिकाच्या पक्षी विशेषांकात तो असा उलटा छापला गेला होता आणि त्यावरून वाचकांनी लिहिलेली सगळी पत्रं मला वाचावी लागली होती. पण माझा हात थांबला तो बगळ्यामुळे नव्हे. त्या कागदाचा वरचा कोपरा छाटलेला होता.

ही गोष्ट शहाण्णव सालची, सांगलीची. मी तेव्हा त्या मासिकाचं वितरण बघायचे. अंक गावोगावच्या एजंटांकडे जायचे आणि न खपलेले गठ्ठे महिन्या-दोन महिन्यांनी परत यायचे. तेच अंक कुणी पुन्हा आपल्याच गळ्यात मारू नयेत, फूटपाथवर स्वस्तात विकू नयेत, म्हणून आलेल्या प्रत्येक गठ्ठ्याचा वरचा कोपरा आम्ही कटिंग मशीनवर छाटून टाकायचो. मग ते टेम्पोत भरून मिरजेपलीकडच्या एका कागद मिलमध्ये जायचे. तिथे त्यांचा लगदा व्हायचा आणि त्या लगद्यातून आमच्या पुढच्या अंकांचा कागद. मलपृष्ठावर दर महिन्याला चौकटीत छापलेलं असायचं, ‘या मासिकासाठी एकही झाड तोडलेलं नाही. न खपलेले अंकच नवा कागद होऊन तुमच्या हाती येतात.’ विशेषांक तेवढे गुळगुळीत कागदावर निघायचे, तो कागद बाहेरून यायचा, पण चौकट त्यावरही छापली जायचीच. ते वाक्य माझं होतं. आमचे मालक-संपादक आबासाहेब इनामदार यांनी ते मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा मी आठ दिवस हवेत होते.

तर मुद्दा असा की कोपरा छाटलेला अंक दोनच ठिकाणी असू शकत होता. एक आमची मागची खोली, नाहीतर मिलचा हौद. विड्याच्या पानांभोवती तो येणार कुठून? शिवाय पक्षी विशेषांकाचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस गठ्ठे डिसेंबरात मिलला गेले होते. तशी पावती फायलीत होती. ‘सर्व अंक समक्ष नष्ट केले.’ खाली सही, बा. मगदूम. परतीचे गठ्ठे मिलला पोचवायचं काम अण्णांकडेच होतं.

“अण्णा, पुडा कुणी बांधला आज?”

“भरमूच्या बायकोनं.” भरमू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. मिलच्याच रस्त्याला त्याचा पानमळा होता आणि दर शनिवारी अण्णा तिथली पानं सगळ्या ऑफिसला आणायचे. “का ओ बाई, पानं खराब निघाली?”

“पानं छान आहेत. कागद कुठला हा?”

त्यांनी वाकून बघितलं. टोपी काढली, पुन्हा घातली.

“असंल कुठला तर. रद्दीतला.”

“कुणाच्या रद्दीतला?”

“आता रद्दीला काय मालक असतोय व्हय बाई?” असं म्हणून ते हसले आणि खाली निघून गेले. जिना उतरताना कधी नव्हे ते कठड्याला धरून उतरले, तेही मी बघून ठेवलं.

मी मुळातच संशयी बाई. भाजीवालीच्या तागडीखाली हात घालून बघणारी. आई म्हणायची, “शैले, तुला साक्षात देव भेटला ना, तरी तू त्याच्याकडे रेशन कार्ड मागशील.” त्या दुपारी मी दार लावून जुन्या पावत्या काढल्या. साध्या अंकांच्या पावत्या मिलच्या कारकुनाच्या हातच्या होत्या. विशेषांकांच्या तेवढ्या, गणपतीच्या आणि पक्ष्यांच्या, नदाफ नावाच्या सुपरवायझरनं स्वतः लिहिलेल्या. साक्षीदार दोन्हीकडे मगदूमच. चकचकीत माल तेवढा गायब होतोय, आणि दोघं मिळून करतायत! चकचकीत अंकाला फूटपाथवर गिऱ्हाईक असतं, हे कुणीही सांगेल. मला अगदी गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू?

मी पुड्याचा कागद घेऊन आबासाहेबांकडे गेले. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला.

“बापटबाई, बावीस वर्षं झाली मगदूमला. माझ्या वडिलांनी ठेवलेला माणूस आहे.”

“म्हणूनच तर, आबासाहेब. त्यांच्यावर लक्ष ठेवावं असं कुणाला वाटतच नाही.”

“दोन वर्षांनी रिटायर व्हायचाय तो. दोन मुली अजून कॉलेजात आहेत. भावाचा मळा भावाचा, ह्याचं घर पगारावर आहे.”

“ते खरं. पण आपण मलपृष्ठावर छापतो काय आणि बाजारात मिळतं काय, हे उद्या एखाद्या वाचकानं दाखवून दिलं तर?”

हे बरोबर लागलं. चौकटीवर त्यांचा भारी जीव. दोन भाषणांत त्यांनी ती सांगितली होती.

“पुरावा आणा,” ते म्हणाले. “खरं निघालं तर मगदूमला ठेवणार नाही. पण खोटं निघालं, तर सगळ्या स्टाफसमोर तुम्ही त्याची माफी मागायची. कबूल?”

“कबूल,” मी म्हटलं. माफी मागायची वेळ येणार नाही, याची मला खात्री होती.

येत्या गुरुवारीच दिवाळी अंकाचा, यंदा उशिरा आलेला, परतीचा माल मिलला जायचा होता. एकेचाळीस गठ्ठे, सगळे गुळगुळीत. टेम्पो भरून झाला आणि मी पर्स घेऊन पुढे जाऊन बसले. अण्णा दारात उभेच राहिले.

“बाई, तुमी?”

“बघावं म्हटलं एकदा. इतकी वर्षं लिहितेय, मिल पाहिलेली नाही.”

“लई घाण वास असतोय तितं. तुमास्नी सोसायचा न्हाई.”

“सोसेल,” मी म्हटलं. “बसा.”

टेम्पोनं मिरज मागे टाकलं. मार्च संपत आला होता, अकरा वाजताच काच तापलेली. हायवे सोडून आम्ही आतल्या रस्त्याला लागलो आणि एका फाट्यापाशी टेम्पो हळू झाला. कुणी काही सांगितलेलं नव्हतं. गाडीलाच जणू थांबा पाठ होता.

“का थांबलात हो?” मी ड्रायव्हरला विचारलं. तो अण्णांकडे बघायला लागला.

“भावाचा मळा हाय आत,” अण्णा म्हणाले. “एक मिनिट जाऊन येतो.”

“काय काम आहे?”

“मोटर बंद करायला सांगायचीय.”

“कसली मोटर?”

“पाण्याची ओ. ओढ्यावर बसवलीया. आज बाराला लाईट येती, लाईट आली की भरमू पाणी सोडतोय मळ्याला.”

“मग सोडू दे की! उन्हाळा आहे. वेलींना पाणी नको?”

“आज नको.”

“का बरं आजच नको?”

ते हळूच म्हणाले, “तुमास्नी पटायचं न्हाई.”

“सांगून तर बघा.”

“एकदा सांगितलं हुतं.”

मला काही आठवेना, आणि आठवायचं तरी कशाला? माझ्या डोळ्यांसमोर सगळं स्वच्छ होतं. आत मळा, मळ्यात आडोसा, आडोशाला माल उतरवायचा आणि रिकामा टेम्पो फिरवून परत. आज मी मध्ये बसलेय म्हणून निदान भावाला सावध तरी करून यायचं. मोटर म्हणे!

“अण्णा, भाऊ काय कुकुलं बाळ आहे का, मोटर बंद करा म्हणून सांगायला? परतताना थांबू हवं तर,” मी म्हटलं. “चला हो, घ्या पुढं.”

ड्रायव्हरनं पुन्हा एकदा अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान हलवली आणि टेम्पो पुढे गेला. मिल तिथून दीड-दोन किलोमीटर असेल. तेवढ्या वेळात अण्णांनी तीनदा घड्याळ बघितलं.

मिलच्या आवारात उतरल्यावर आधी वास आला. ओल्या गोधडीचा, आणि वर सोड्याचा झणका, डोळ्यांत पाणी आणणारा. पावत्यांवरचा तो सुपरवायझर, दस्तगीर नदाफ, गमबूट घालून समोर आला. पन्नाशीचा माणूस, डोळे लालभडक.

“आज थेट हिकडंच, अण्णा?” असं तो म्हणाला, आणि मग त्याला मी दिसले.

“थेट म्हणजे?” मी विचारलं. “एरवी कुठून कुठून येतात?”

“तसं न्हाई बाई. बोलायची पद्धत.”

“हं. मी शैलजा बापट, वितरण बघते. एकेचाळीस गठ्ठे आहेत. आज सगळे माझ्यासमोर हौदात जायचे.”

नदाफनं टेम्पोतला एक गठ्ठा ओढून बघितला, अंकावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

“आज न्हाई घेता येणार हे. आठ दिवसांनी आणा.”

“का?”

“मागलं तळं काठोकाठ भरलंय. गाळ उपसायचा हाय.”

“तळ्याचा आणि अंकांचा काय संबंध?”

“आता काय सांगू,” तो म्हणाला आणि सांगायला लागला. “बाई, साधी रद्दी दोन पाण्यांत सुटती. ह्या गुळगुळीत कागदावर मातीचा लेप असतोय, वरनं शाईचे थर. सोडा टाका, साबण टाका, चार-पाच पाणी बदला, तवा कुठं जरा पांढरा हुतोय. तुमच्या सायबांस्नी पांढराच कागद लागतोय न्हवं? मग ते धुतल्यालं पाणी जाणार कुठं? तळ्यात. आनि तळं भरलं की ओढ्यात. पावसाळ्यात वाहून तरी जातंय. आता ओढ्याला धार हाय करंगळीयेवढी.”

सगळं एका दमात. मला वाटलं, ठरवून ठेवलेलं दिसतंय.

“पाठ केलंय का हे?”

“पाठ कशाला करू बाई? रोजचं हाय माझं.”

“मग डिसेंबरात पक्षी विशेषांकाचे अठ्ठावीस गठ्ठे कसे घेतलेत? तेही गुळगुळीतच होते. सही आहे तुमची.”

दोघांनीही खाली बघितलं. लहान मुलं बघतात तसं, अगदी पायाच्या बोटांकडे.

“तेव्हा तळं रिकामं होतं वाटतं?”

मला हवं ते मिळालं होतं, पण तेवढ्यावर थांबेन तर मी कसली! मी म्हटलं, “गठ्ठे आज घेणार नसाल तर मी तुमच्या मालकांना फोन लावते. ते आणि आमचे आबासाहेब काय ते बघून घेतील.”

“बाई,” अण्णा पहिल्यांदाच मध्ये बोलले. “आठ दिवस ऱ्हाऊ द्या. माझ्या शब्दाखातर.”

“तुमच्या शब्दाखातरच आलेय मी, अण्णा. पक्ष्यांच्या अंकाला तुमचाच शब्द होता ना?”

त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र आपलं उत्तर भारी आवडलं होतं. नदाफ म्हणाला, “काय करायचं, अण्णा?” आणि अण्णा म्हणाले, “घे.”

मग ते माझ्याजवळ आले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “दस्तगीर टाकंल गठ्ठे. मी पायी जाऊन येतो मळ्यात. तासाभरात हजर हुतो. मोटर तेवढी बंद करून येतो.”

पुन्हा मोटर!

“अण्णा, माझ्या नजरेआड जायचं नाही,” मी म्हटलं. “गेलात तर सोमवारपासून यायची गरज नाही. आबासाहेबांशी बोलणं झालंय माझं.”

मला असं बोलायचा अधिकार नव्हता. आबासाहेब असं म्हणालेही नव्हते. पण अण्णांनी ते खरं धरलं. ते फाटकाकडे बघत उभे राहिले. तेव्हा बाराला पाच कमी होते, समोरच्या भिंतीवरच घड्याळ होतं. मग त्यांनी टोपी काढून खिशात कोंबली, विळा घेतला आणि पहिल्या गठ्ठ्याची सुतळी कापली.

हौद विहिरीएवढा गोल, खाली पातं फिरत होतं. मी काठावर खुर्ची मागवून बसले आणि पेन्सिलीनं खुणा करायला लागले. एक. दोन. तीन. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर पणती घेतलेली बाई होती, आबासाहेबांना दरवर्षी तीच लागायची. अण्णा गठ्ठा पसरून टाकायचे, शंभर बायका पाण्यावर तरंगायच्या, भोवऱ्याबरोबर फिरायच्या आणि मधोमध खेचल्या जायच्या. पाणी आधी गुलाबी झालं, मग जांभळं, मग नाव नसलेल्या कसल्यातरी रंगाचं. मी वास लागू नये म्हणून पदर नाकाला लावून एकेचाळीसपर्यंत मोजलं. एकही कमी नाही.

मधूनमधून नदाफ एक मोठं चाक फिरवायचा आणि भिंतीमागे पाण्याचा धबाबा आवाज व्हायचा. दर वेळी अण्णा हातातलं काम टाकून मागच्या खिडकीशी जायचे. मी मनात म्हटलं, बसा आता बाहेर बघत, आजचा डाव फसला तुमचा.

तीन वाजता पावती लिहून झाली. अण्णांनी सहीसाठी हात पुढे केला, तेव्हा मी पेन त्यांच्या हातून घेतलं. ‘सर्व एकेचाळीस गठ्ठे समक्ष नष्ट केले. शै. बापट.’

टेम्पो निघाला. फाटा आला तशी मी म्हणाले, “थांबा. आता जाऊ या भावाकडे.”

“आता कशाला, बाई?” अण्णा म्हणाले. “आता काय उपेग न्हाई.”

“तुम्हाला नसेल. मला बघायचंय.”

पानमळा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. शेवरीच्या उंच उंच झाडांवर वेली चढवलेल्या, वर पानांचं छत, बाहेर एवढं रणरणतं ऊन आणि आत गारवा. अण्णांनी बांधावर वहाणा काढल्या.

“चप्पल काढा बाई. आत चप्पल घालून जात न्हाईत. देवाची जागा हाय.”

वेळ काढताहेत, असं मला वाटलं. पण चप्पल काढली आणि त्यांच्या मागून सरीतून निघाले. पायाखाली छान ओलं, गार लागत होतं. मला बरंच वाटलं.

मळ्याच्या टोकाला पत्र्याची खोली होती. आत ताडपत्री. ती मी माझ्या हातानं ओढली. आणि सापडलं! भिंतीला लावून छातीएवढी रास, आमच्याच सुतळ्या, आमचेच गठ्ठे, सगळ्यांचे कोपरे छाटलेले. गणपती विशेषांकाचे तेहेतीस. पक्षी विशेषांकाचे अठ्ठावीस. कडेचा एकच गठ्ठा सुटलेला, आणि त्याच्या वरच उलटा बगळा.

“हे काय आहे, अण्णा?”

“बघताय की.”

मी पुन्हा मोजले. तेहेतीस आणि अठ्ठावीस. मिलला न गेलेले सगळेच्या सगळे इथेच होते. वर बोटभर धूळ. गिऱ्हाईकाचा हात लागल्याची खूण कुठेच नाही.

“विकले नाहीत तुम्ही?” मी विचारलं. माझाच आवाज मला बारीक वाटला.

“इकायला न्हाई ठिवलं.”

“मग कशाला ठेवलेत?”

त्यांनी उत्तर द्यायच्या आत मळ्यातून हाक आली, “अण्णा! अण्णा ओ!” धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेला एक माणूस पळत आला. पिंढऱ्यांपर्यंत चिखल. तोच भरमू. माझ्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

“मिलला गाडी गेली व्हय आज? गुळगुळीताची? आरं, मग सांगितलं का न्हाईस? दर खेपंला सांगतोस की! मोटर बारापासनं चालूच हाय, मी वरच्या अंगाला पानं खुडत बसलोय. आता येऊन बघतोय तर सगळं काळं!”

“बंद केलीस?”

“केली. पर खालच्या सगळ्या सऱ्या भरल्या न्हवं.”

मी खाली बघितलं. माझी पावलं घोट्यापर्यंत राखाडी झाली होती. सरीत साबणासारखा फेस होता, त्यात चमचमणारे बारीक कण, लाल, निळे, सोनेरी. पणतीवाल्या बाईच्या साडीचा काठ सोनेरी छापला होता, त्यासाठी मीच हट्ट धरला होता. वासही तोच, हौदावरचा. इतका वेळ गार गार म्हणून मी त्यातूनच चालत आले होते.

अण्णा सरीच्या कडेला बसले आणि ओंजळीनं पाणी बाहेर टाकायला लागले. तेवढ्या मोठ्या मळ्यात, ओंजळीनं. भरमू फावडं घेऊन बांध फोडायला धावला. मी मध्येच उभी. कुणाला काय मदत करावी तेही कळेना.

“अण्णा, तुम्ही मला सांगायचं होतंत,” मी म्हटलं.

ते वर न बघता म्हणाले, “फाट्यावर सांगितलं की ओ. मिलात सांगितलं. आनि दोन वर्सांमागं बाटली आणून ठिवली हुती तुमच्या टेबलावर.”

बाटली म्हटल्यावर आठवलं. काळपट पाण्याची बाटली घेऊन अण्णा माझ्यासमोर उभे होते आणि मिल, ओढा, भावाचे वेल असं काहीबाही सांगत होते. मला वाटलं होतं, भावासाठी भरपाईबिरपाई उकळायची असेल. मी म्हटलं होतं, रीतसर अर्ज लिहून द्या, आणि बाटली टेबलावरून उचला आधी, कागद खराब होतील.

“साध्या रद्दीची गाडी असली की फाट्यावर थांबून मोटर बंद करायला सांगायचं, दोन दिवस पाणी काढायचं न्हाई, एवढंच,” अण्णा म्हणाले. “गुळगुळीताचं पाणी आठ-आठ दिवस जात न्हाई, म्हणून ते हितं ठिवायचं. पावसाळ्यात, ओढ्याला पूर आला की मिलला घालणार हुतो. दस्तगीरबी ह्याच ओढ्याचं पाणी पितोय, त्यानं पावत्या दिल्या. खोट्याच दिल्या. तेवढं खरं हाय तुमचं.”

भरमूनं लांबून विचारलं, “कोण ह्या?”

“आमच्या हापिसातल्या बाई,” अण्णा म्हणाले. त्याहून जास्त काही म्हणाले नाहीत.

मोटर बंद करायला एक मिनिट लागलं असतं.

शुक्रवारी मी आबासाहेबांना सगळं सांगितलं. ओढा, तळं, मोटर, फाटा, माझे पाय, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“अंक सापडले?”

“सापडले, पण एकही विकलेला नव्हता.”

“पावत्या खोट्या होत्या?”

“होत्या. पण आबासाहेब, त्याचं कारण...”

“मग तुमचं बरोबरच होतं की बापटबाई,” ते म्हणाले. “पानांचं मला वाईट वाटतं. पण खोट्या सह्या करणारा माणूस मी कसा ठेवू? तुम्हीच सांगा.”

मी भांडले. खूप भांडले, रडलेसुद्धा. काही उपयोग झाला नाही. नोकरी एप्रिलअखेरीपर्यंतच, असं पत्र निघालं आणि ते टाइप करायला माझ्याच टेबलावर आलं. शेवटी मी म्हटलं, ते चौकटीतलं वाक्य तरी आता काढू या. आबासाहेब खरोखरच चकित झाले.

“का? आपण कुठं झाड तोडलंय?”

आठव्या दिवशी पानं पिवळी पडायला लागली आणि महिन्याभरात खालच्या सगळ्या ओळी गेल्या. हे मला अण्णांनी सांगितलं नाही. मीच दोनदा जाऊन बघून आले, बांधावरूनच, आत जायचं धाडस झालं नाही. वेली शेवरीवर तशाच लोंबत होत्या. दुसऱ्या खेपेला भरमू दिसला. त्यानं पाणी प्यायला दिलं आणि कुठून आणलंय तेही सांगितलं, घरच्या बोअरचं आहे म्हणून.

सगळ्या स्टाफसमोर मी अण्णांची माफी मागितली नाही. खोटं निघालं तर मागायची, अशी अट होती. खोटं काही निघालंच नव्हतं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी अण्णा वर आले. तो त्यांचा कामाचा शेवटचा दिवस होता. हातात पुडा होता, या वेळी केळीच्या पानात बांधलेला. मी उभी राहिले. बोलायचं म्हणून महिनाभर जे जुळवून ठेवलं होतं, ते एक अक्षर आठवेना.

“अण्णा, मी...”

“ऱ्हाऊ द्या बाई,” ते म्हणाले. “खा. वरच्या अंगाच्या वेलाची हाईत. तितंवर पाणी पोचलं न्हवतं.”

त्यांनीच दोरा सोडला आणि एक पान काढून माझ्या हातात दिलं. कोवळं, हिरवंगार. मी ते घेतलं, उलटं केलं आणि नाकाशी नेलं.

देवाशपथ सांगते, मी हे ठरवून केलं नाही. हात आपोआप गेला. तागडीखाली जायचा तसाच. लक्षात आलं तेव्हा पान नाकापाशी होतं आणि अण्णा माझ्याकडे बघत होते.

रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, “बघा, बघा. बघून घेतल्यालं बरं.”

मग त्यांनी टोपी सारखी केली आणि जिना उतरून गेले. मी खिडकीतून ते रस्त्याला लागेपर्यंत बघत राहिले आणि मग खुर्चीत बसून पान खाल्लं. पान चांगलं होतं.